आवृत्ती नियंत्रणाद्वारे बदलाचा शोध

आवृत्ती नियंत्रणाद्वारे बदलाचा शोध म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये केलेला विशिष्ट बदल त्याच्या कोणकोणत्या प्रकाशित आवृत्त्यांमध्ये समाविष्ट आहे, हे त्या कोडच्या नोंदवलेल्या इतिहासावरून ठरवणे. सुरक्षेतील त्रुटी दूर झाल्यावर आपला सर्व्हर सुरक्षित आहे की नाही, हे ठरवताना या शोधाला विशेष महत्त्व येते.

संकल्पना

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या गिट या प्रणालीत प्रत्येक बदल 'कमिट' म्हणून नोंदला जातो. प्रत्येक कमिटमध्ये त्याच्या लगतच्या पूर्वजाचा ओळखक्रमांक असतो, त्यामुळे संपूर्ण इतिहास वंशावळीसारखा जोडलेला राहतो. प्रकाशित आवृत्तीच्या कमिटला दिलेल्या नावास 'टॅग' म्हणतात. टॅगपासून पूर्वजांच्या दिशेने मागे जाताना अपेक्षित कमिट भेटले, तर तो बदल त्या आवृत्तीत आहे.

तारखेवरून हा निष्कर्ष काढता येत नाही. जानेवारीत लिहिलेला बदल मुख्य शाखेत जूनमध्ये विलीन झाला असेल, तर मार्चमधील आवृत्तीत तो नसतो. सबव्हर्जन या जुन्या प्रणालीत संपूर्ण कोडभांडारासाठी एकच चढता क्रमांक असतो. तेथेही लहान क्रमांकाचा बदल नंतरच्या आवृत्तीत असेलच असे नाही, कारण त्या आवृत्तीची शाखा आधीच वेगळी झालेली असू शकते.

गिटमधील आज्ञा

'गिट टॅग --कंटेन्स' ही आज्ञा कमिटचा ओळखक्रमांक दिल्यास तो बदल सामावणाऱ्या सर्व टॅगची यादी देते. (आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीतच लिहाव्या लागतात.) 'गिट डिस्क्राइब --कंटेन्स' नंतरच्या जवळच्या टॅगचे नाव आणि तेथून किती पिढ्या मागे जावे लागेल ते सांगते, तर 'गिट ब्रँच --कंटेन्स' शाखा दाखवते. ओळखक्रमांकच माहीत नसल्यास 'गिट लॉग -एस' ने कोडमधील विशिष्ट मजकूर कोणत्या कमिटमध्ये आला वा गेला हे शोधता येते. कोडभांडाराची प्रत अपुऱ्या इतिहासासह उतरवलेली असेल किंवा टॅग उतरवलेले नसतील, तर उत्तर अपुरे येते आणि तशी सूचनाही मिळेलच असे नाही.

हार्टब्लीडचे उदाहरण

ओपनएसएसएल या संकेतन ग्रंथालयातील हार्टब्लीड ही त्रुटी ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. तिच्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर एका वेळी बाहेरच्या व्यक्तीस वाचता येत असे. सदोष कोड ३१ डिसेंबर २०११ रोजी भांडारात दाखल झाला आणि मार्च २०१२ मधील १.०.१ या आवृत्तीतून सर्वत्र पोहोचला. १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या सदोष होत्या व १.०.१जी मध्ये दुरुस्ती झाली. १.०.० आणि ०.९.८ या जुन्या शाखांमध्ये तो कोड गेलाच नव्हता, म्हणून जुनी आवृत्ती वापरणारे या त्रुटीपुरते सुरक्षित होते.

डेबियन ७ मध्ये मात्र ओपनएसएसएलची आवृत्ती १.०.१ई हीच ठेवून दुरुस्ती तेवढी तिच्यात घालण्यात आली. या प्रक्रियेस बॅकपोर्ट म्हणतात. केवळ १.०.१ई हा आकडा पाहणाऱ्यास दुरुस्त झालेला सर्व्हरही सदोष वाटे. अशा वेळी वितरणाचा स्वतःचा पॅकेज क्रमांक व बदलनोंद तपासावी लागते. 'गिट चेरी-पिक' ने दुसऱ्या शाखेत नेलेल्या बदलाबाबतही हीच अडचण येते. बदल तोच असला तरी पूर्वज वेगळा असल्याने कमिटला नवा ओळखक्रमांक मिळतो आणि 'कंटेन्स' शोधात तो सापडत नाही. यावर उपाय म्हणून लिनक्स कर्नलच्या स्थिर शाखांत मूळ कमिटचा क्रमांक संदेशात लिहिण्याचा प्रघात आहे. 'गिट पॅच-आयडी' ही आज्ञा ओळींचे क्रमांक व मोकळ्या जागा वगळून प्रत्यक्ष बदलांची तुलना करण्यास उपयोगी पडते.

मिडियाविकी आणि मराठी विकिपीडिया

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मिडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो. मिडियाविकीचा कोड मार्च २०१२ मध्ये सबव्हर्जनमधून गिटमध्ये आला. त्याचे परीक्षण गेरिट या प्रणालीत होते व तेथे प्रत्येक विलीन बदल कोणत्या शाखांत व टॅगमध्ये आहे हे पाहण्याची सोय आहे. विकिमीडियाच्या संकेतस्थळांसाठी साधारणतः दर आठवड्यास नवी शाखा काढली जाते. ती सर्व प्रकल्पांवर एकाच दिवशी नव्हे, तर टप्प्याटप्प्याने लागू होते. बहुतेक विकिपीडियांचा क्रम शेवटचा असतो.

सार्वजनिक वापरासाठीच्या आवृत्त्या मात्र वर्षातून साधारण दोनदाच निघतात. त्यामुळे देवनागरी अंकांसंबंधीची एखादी दुरुस्ती मराठी विकिपीडियावर दिसू लागली, तरी जयसिंगपूरमधील एखाद्या महाविद्यालयाने स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या मिडियाविकीत ती कित्येक महिने नसू शकते. कोणत्याही मिडियाविकीची चालू आवृत्ती तिच्या विशेष पृष्ठांतील आवृत्तीविषयक पानावर पाहता येते. विकिमीडियाच्या प्रकल्पांवर तेथेच कमिटचा ओळखक्रमांकही दिलेला असतो व त्यावरून वरील आज्ञांनी शोध घेता येतो.