खापरे, सातवाहनकालीन (पैठण परिसर)

पैठण (प्राचीन प्रतिष्ठान, जि. छत्रपती संभाजीनगर) ही सातवाहनांची राजधानी. तिच्या व्यापाराचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे या परिसरातील पांढरींत (जुन्या वस्त्यांच्या टेकाडांत) सापडणारी फुटकी भांडी. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेनुसार पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर होते आणि तगर (तेर, जि. धाराशिव) त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकवर्गी दगड व तगरहून कापड गाड्यांतून भडोचला आणि तेथून जहाजांनी रोमन जगाकडे जाई. या उल्लेखामुळे अभ्यासकांची नजर दीर्घकाळ रोमवरच खिळली. खापरे मात्र अधिक मोलाची साक्ष देतात, ती देशांतर्गत व्यापाराची.

नक्षीदार चकचकीत थाळीचेच पाहा. पातळ करडी-काळी खापरी, सपाट बूड आणि आतल्या बाजूस बारीक खाचांची एकात एक वर्तुळे. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूच्या 1945 च्या उत्खननानंतर मॉर्टिमर व्हीलर यांनी ही भांडी रोमन मानली. विमला बेगली यांनी ती भारतीय घडणीची असल्याचे मांडले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. द. गोगटे यांनी क्ष-किरणांनी माती तपासून तिचे मूळ बंगालमधील चंद्रकेतुगड-तामलुक भागात दाखवले. अशा थाळ्या तेरलाही मिळाल्या आहेत. म्हणजे तेरचा संबंध पूर्व किनाऱ्याशीही होता. तांबड्या, झिलईदार झाऱ्यांचेही तेच झाले : आधी रोमन ठरलेल्या या झाऱ्यांचे मूळ आता गुजरातेत मानतात.

खरी आयात होती ती दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मद्यकुंभांची. त्यांची खापरे नेवाशाला मिळाली. मात्र पश्चिम भारतात रोमन समजले गेलेले काही तुकडे पुढे मेसोपोटेमियाच्या कुंभांचे निघाले. आतला डांबराचा लेप ही त्यांची खूण. रोजच्या वापरातील भांडी स्थानिकच होती. आतून व काठाशी काळी, बाहेरून तांबडी भांडी भट्टीत पालथी भाजत. आत हवा पोचत नसल्याने तेथे काळा रंग येई.

सातवाहन आणि त्यांचे पश्चिमेकडील प्रतिस्पर्धी क्षत्रप राजे यांच्या वैरात कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही ‘पेरिप्लस’ सांगतो. बंदरे अशी राजांच्या हाती असली, तरी व्यापाऱ्यांचे स्वतःचे बळही मोठे होते. पितळखोऱ्याच्या लेण्यात प्रतिष्ठानच्या मितदेव या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान कोरलेले आहे.

थरातून सुटलेल्या खापराची निम्मी साक्ष पुसली जाते. म्हणून पांढरीची माती शेतात नेताना खापरे दिसली, तर खोदकाम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवावे.