जहांगीरच्या दरबारातला फीलमुर्ग

गेल्या हिवाळ्यात सातवीतल्या एका मुलाने वहीत दाबून ठेवलेलं एक पीस मला दाखवायला आणलं. बोटभर लांब, टोक कात्रीने कापल्यासारखं सपाट, त्याला काळा काठ. उन्हात धरलं की तांब्यासारखं चमकायचं. वर्गाने आधीच निकाल दिला होता : मोर! अकोटच्या उशाशी सातपुडा, नरनाळ्याच्या वाटेवर मोर दिसतातच, तेव्हा मुलांचं फारसं चुकलं नाही. मोराच्या पाठीवरची पिसंही काळ्या काठाची, खवल्यांसारखी असतात. पण त्यांचं टोक गोल असतं.

हे पीस टर्कीच्या नराचं होतं. मादीच्या छातीवरच्या पिसांचा काठ काळा नसतो, फिकट असतो. आणि ती तांब्याची झळाळी म्हणजे रंग नव्हे, पिसातल्या सूक्ष्म थरांवरून परतणारा उजेड. सावलीत नेलं की तेच पीस साधं, काळपट.

मुलांना मी जहांगीर बादशहाची गोष्ट सांगितली. 1612 साली मुकर्रब खान खंभातहून दरबारात आला. बादशहाच्या हुकमाने तो गोव्याला जाऊन आला होता आणि फिरंग्यांनी मागितली ती किंमत मोजून त्याने तिथल्या दुर्मिळ चीजा आणल्या होत्या. त्यात हा पक्षी होता. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात त्याचं जे वर्णन केलंय ते एखाद्या पक्षीतज्ज्ञाला शोभावं असं आहे. आकाराने लांडोरीहून मोठा, मोराहून लहान. मान क्षणात पोवळ्यासारखी लाल, क्षणात कापसासारखी पांढरी. डोक्यावरचं मांस कधी हत्तीच्या सोंडेसारखं वीतभर लोंबतं, कधी गेंड्याच्या शिंगासारखं दोन बोटं उभं राहतं. पिसंही त्याने पाहिली : रंगीबेरंगी, पण मोराच्या रंगांची नव्हेत. आमच्या वर्गाला जे दिसलं नाही ते बादशहाला दिसलं होतं.

पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रं काढून घेतली नाहीत, हेही तो नोंदवतो आणि स्वतः चित्रकारांना कामाला लावतो. उस्ताद मन्सूरने काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. (गोव्याहून आलेला पक्षी, आग्र्याचा चित्रकार, आणि बघायला जायचं लंडनला. असो.)

नावांचा घोटाळा मात्र जगभर आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवलं. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा. फ्रेंचांच्या 'दँद' या नावातही हिंदच आहे. अरबीत तो 'दीक रूमी', रूमचा कोंबडा. पोर्तुगीजांचा 'पेरू'. मराठीत पेरू म्हणजे फळ, हे ऐकून वर्ग हसला. लिनियसने 1758 मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातला 'मेलिआग्रिस' हा शब्द तर मुळात गिनी फाऊलचा, आफ्रिकेतल्या दुसऱ्याच पक्ष्याचा. प्रत्येकाने त्याला कुठल्या तरी परक्या मुलखाचा म्हटलं, आणि मेक्सिकोचं नाव कुणीच घेतलं नाही. त्यातल्या त्यात आपल्या उर्दूचा 'फीलमुर्ग', म्हणजे हत्तीकोंबडा, मला प्रामाणिक वाटतो. तो गाव सांगत नाही, सोंड सांगतो.

गाव पीस सांगतं. मेक्सिकोच्या लोकांनी टर्की फार पूर्वी माणसाळवली, स्पॅनिशांनी ती सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात नेली. तिथल्या मूळ जातीच्या शेपटीच्या पिसांची टोकं पांढरी, आणि काळपट तांबूस पाळीव टर्कीत ती खूण अजून टिकून आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगली टर्कीत तीच टोकं विटकरी-तपकिरी असतात. अंगावरच्या एका पिसावरून नर-मादी कळते, पण रानटी की पाळीव हे विचारायचं तर शेपटीकडे जावं लागतं.

मुलाला तेवढंच सांगितलं. शेजारच्या गावात कुणीतरी टर्की पाळल्यात, तिथूनच त्याला पहिलं पीस मिळालं होतं. सोमवारी तो शेपटीचं पीस घेऊन आला. टोक पांढरं होतं.