हजेरीपटाबाहेरचे विद्यापीठ

सांताक्रूझ स्थानकाच्या पूर्वेला कलिना, पश्चिमेला जुहू. कलिन्यात मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल आहे, तर जुहूला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे. ऑनलाइन शिक्षण २०२०च्या टाळेबंदीत जन्मले, असे आज सर्रास लिहिले जाते. या दोन विद्यापीठांचा इतिहास चाळला, तर ते पटत नाही. वर्गात न बसणाऱ्याला पदवी द्यायची की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे फार आधीपासून होता. टाळेबंदीने बदलले ते साधन.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर: शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी लंडनने बहुतेक पदव्यांसाठी महाविद्यालयात शिकल्याची अट काढून टाकली. आपण नमुना उचलला तो अट निघण्याच्या आधीचा!

ती अट महर्षी कर्व्यांना जाचली असावी. १९१६ साली त्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची वाट स्त्रियांसाठी मोकळी ठेवली. शिक्षणाचे माध्यमही मातृभाषा. चूल-मूल सांभाळणाऱ्या बाईला हजेरी परवडणार नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. कर्व्यांच्या चरित्रांत या तरतुदीला क्वचितच ओळभर जागा मिळते; मला ती त्यांच्या मोठ्या कामांपैकी एक वाटते.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. पुढे त्याच विभागाची ‘दूर व मुक्त अध्ययन संस्था’, म्हणजे ‘आयडॉल’ झाली. मीही पत्राद्वारेच पदवीधर झालो. नोट्सचे गठ्ठे यायचे, त्या कामावरून परतल्यावर वाचायच्या. रविवारच्या व्याख्यानांना शेजारच्या बाकावर कधी बसवाहक, कधी दोन मुलांची आई. पुढे एका कचेरीत माझे प्रमाणपत्र पाहून साहेबांनी विचारले, “म्हणजे कॉलेज केलंच नाही ना?” पदवी तीच, परीक्षा तीच, तरी उत्तर सुचले नाही.

म्हणून मला ४ सप्टेंबर २०२० ही तारीख महत्त्वाची वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या दिवशीच्या विनियमांनी मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष धरल्या. २०२१च्या विनियमांनुसार नियमित विद्यार्थ्यालाही एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वर करता येतात. २०१६ साली ही मर्यादा २० टक्के होती. हजेरीपटावरचा विद्यार्थीही आता थोडा पत्राद्वारेवाला झाला आहे. कलिन्यातल्या संस्थेचे नावही बदलले: ‘दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र’.

परीक्षेचे कोडे मात्र सुटलेले नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये आयडॉलच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा अडखळल्या, पेपर पुढे ढकलावे लागले; विद्यापीठाने सायबर हल्ल्याचे कारण दिले. पोस्टाने येणाऱ्या नोट्स उशिरा यायच्या, पण त्या वाचायला चार्जिंग किंवा नेट लागत नसे. दहा बाय दहाच्या खोलीत एकच मोबाइल, त्यावर धाकट्याची शाळा आणि थोरलीचे बी.कॉम. अशा घरात हजेरीची अट नाही, पण पाळी लावावी लागते. आणि रविवारचा तो बाक? त्या बसवाहकाने अर्थशास्त्रातली मागणीची वक्ररेषा मला तिकिटाच्या पाठीवर काढून समजावली होती.