चट्टीवरचा मुक्काम

मंडळी, आजकालची मुलं पाठीवर बोजा बांधून डोंगरात जातात आणि नदीकाठी तंबू ठोकतात. आमचा धाकटा नातू म्हणतो, तंबू पाण्याला अगदी लागून हवा, म्हणजे रात्रभर खळखळाट ऐकू येतो. मला मात्र तेव्हापासून बद्री-केदारची जुनी पायवाट आठवते आहे. पुस्तकांतून वाचलेलीच, पण इतक्या वेळा की चालून आल्यासारखी वाटते.

मोटारी येण्यापूर्वी हृषीकेशहून गंगेच्या आणि देवप्रयागनंतर अलकनंदेच्या काठाने बदरीनाथपर्यंत पायीच जावं लागे. वाटेत दर काही मैलांवर एक 'चट्टी'. गरुडचट्टी, फूलचट्टी, मोहनचट्टी, महादेवचट्टी. नावंसुद्धा किती गोड! चट्टी म्हणजे दुकान आणि त्याला जोडून पुढून उघडं असलेलं साधं छप्पर. व्यवहार मोठा झकास होता. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप विकत घ्यायचं. मुक्काम फुकट, वर स्वयंपाकाची भांडीही तोच देणार. पुढे काली कमलीवाले बाबांच्या धर्मशाळा झाल्या, गोरगरिबांना शिधा मिळू लागला. सगळं रम्यच होतं असं समजू नका. माश्या, घाण, आणि पटकी. यात्रेकरूंबरोबर तीही चट्टीचट्टीने वर चढे.

पण नदीकाठी झोपणाऱ्याने विचारायचा खरा प्रश्न वेगळाच. पाणी किती वर येईल?

सप्टेंबर १८९३ मध्ये अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेत, गोहना गावाजवळ डोंगर कोसळला. सुमारे ९०० फूट उंचीचा बांध आपोआप तयार झाला आणि मागे तलाव भरू लागला. तो केव्हातरी फुटणार हे इंजिनियरांनी ओळखलं. गोहन्यापासून खाली तारायंत्राची तार ओढली. खोऱ्याच्या उतारांवर खांब उभारले. खांबाच्या वर गेलात की वाचलात! लोकांना वेळेवर वर हलवलं. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला. श्रीनगर (काश्मीरचं नव्हे, गढवालची जुनी राजधानी) धुऊन निघालं. एवढ्या प्रलयात माणसं दगावली पाच. एक फकीर आणि त्याच्या घरचे. त्यांनाही हलवलं होतं, पण ते पुन्हा खाली गेले.

इंग्रजांचं कौतुक मी सहसा करत नाही, पण या कामाचं करतो.

उरलेला तलाव जुलै १९७० च्या पुरात संपला. त्या पुरात बेलाकुची गाव आणि तिथे थांबलेल्या बसगाड्या वाहून गेल्या. तोवर मोटाररस्ता वर पोचला होता, चट्ट्या ओस पडत चालल्या होत्या.

केदारच्या वाटेवर मात्र चालणं राहिलं. गौरीकुंडापासून सात किलोमीटरवर रामबाडा, मंदाकिनीच्या अगदी काठाला. चहा, जेवण, झोपायला खोल्या. दमलेल्या माणसाला आणखी काय हवं? १६ आणि १७ जून २०१३ ला आधी पावसाचा लोंढा आला, मग वरचा चोराबाडी तलाव फुटला. गोहन्याच्या वेळी जवळजवळ वर्षभराची सवड होती, इथे काहीच नव्हती. रामबाडा राहिलाच नाही. त्यानंतर नवी वाट बांधली. ती रामबाड्यापाशी पूल ओलांडते आणि पलीकडच्या डोंगराने वर चढते.