विमा एजंट आणि कंपनीची पत

आयुर्विम्याच्या व्यवहारात विकणारा पैसे आज घेतो आणि मोबदला वीस-पंचवीस वर्षांनी, पुष्कळदा घेणाऱ्याच्या पश्चात, देतो. या दीर्घ काळात विमेदाराला कंपनी दिसत नाही, तिचा ताळेबंद तो वाचत नाही. त्याला दिसतो तो ओळखीचा एजंट. म्हणून भारतातील विम्याचा इतिहास पाहताना कायदे आणि कंपन्या यांच्या जोडीला आणखी एका प्रश्नाचा मागोवा घ्यावा लागतो. एजंटाने आपला शब्द कोणत्या कंपनीसाठी खर्ची घालावा, आणि ते त्याने कशाच्या आधारे ठरवावे?

आरंभीच्या काळात असा आधार जवळजवळ नव्हताच. १८१८ साली कलकत्त्यात निघालेली ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी १८३४ मध्ये बुडाली. पुढे विलायती कंपन्यांचा काळ आला. त्यांची पत मोठी मानली जाई, परंतु १८६९ मध्ये लंडनची आल्बर्ट कंपनी कोसळली तेव्हा विलायती नाव म्हणजे सुरक्षितता हा समजही खोटा ठरला. त्यानंतरच्या तीन दशकांत मुंबई इलाख्यात बॉम्बे म्युच्युअल (१८७१), ओरिएंटल (१८७४) आणि एम्पायर ऑफ इंडिया (१८९७) या कंपन्या उभ्या राहिल्या.

स्वदेशीच्या चळवळीने एजंटाला एक नवा आणि प्रभावी युक्तिवाद दिला. १९०७ साली हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह ही कंपनी तर रवींद्रनाथांच्या जोडासांको येथील वाड्यातील एका खोलीत जन्माला आली. देशाचा पैसा देशात राहावा ही भावना खरी होती. मात्र कंपनी देशी आहे एवढ्याने ती सक्षम ठरत नाही, आणि एजंटाला भावना व पत यांतील हा फरक दाखवणारे साधन त्या वेळी कोणी दिले नव्हते. ते अंशतः १९१२ च्या कायद्याने दिले. हप्त्यांची कोष्टके विमागणितज्ञाने प्रमाणित करणे आणि ठरावीक काळाने मूल्यांकन करणे त्याने बंधनकारक केले. १९१४ पासून सरकार कंपन्यांची विवरणपत्रे प्रसिद्ध करू लागले. अर्थात ती किती एजंटांच्या हाती पडत असतील, हा निराळा प्रश्न.

१९३८ चा विमा कायदा मात्र खऱ्या अर्थाने सर्वंकष होता. त्याने एजंटाला परवाना सक्तीचा केला, ग्राहकाला कमिशनमधून सूट देण्यास मनाई केली, कंपन्यांकडून अनामत घेतली आणि आयुर्विमा निधीचा अर्ध्याहून अधिक भाग सरकारी व मान्यताप्राप्त रोख्यांत गुंतवणे भाग पाडले. यातील एजंटाच्या दृष्टीने फारशी चर्चा न झालेले कलम ४४ वे. एजंटाचे खरे उत्पन्न पहिल्या वर्षाच्या कमिशनाइतकेच नूतनीकरणाच्या कमिशनातही असते, जे विमा चालू असेपर्यंत वर्षानुवर्षे येत राहते. एजंटाला दूर करून ते कमिशन बुडवण्यास या कलमाने काही अटींवर प्रतिबंध केला. याचा दुसरा अर्थ असा की कंपनी टिकण्यात विमेदाराइतकाच एजंटाचाही स्वार्थ होता. ज्याने पहिल्या वर्षाच्या भरघोस कमिशनाकडे पाहून दुबळी कंपनी निवडली, त्याची पुढची पंधरा-वीस वर्षांची मिळकत त्या कंपनीबरोबरच बुडणार होती; शिवाय गावात तोंड दाखवायचे ते त्यालाच.

आणि कंपन्या बुडाल्या. राष्ट्रीयीकरणाचे समर्थन करताना तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी संसदेत सांगितले की, मागील दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि आणखी पंचवीस कंपन्यांनी आपली साधनसंपत्ती अशी उधळली की त्यांचा व्यवसाय विमेदारांचे नुकसान सोसून इतरांकडे सोपवावा लागला. यातील सर्वांत गाजलेले प्रकरण भारत इन्शुरन्सचे. १८९६ साली लाहोरात स्थापन झालेल्या या जुन्या, नावाजलेल्या कंपनीचे सुमारे दोन कोटी वीस लाख रुपये रामकृष्ण दालमिया यांनी सट्ट्याचे नुकसान भरून काढण्यासाठी वळवले होते. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी हा विषय लोकसभेत मांडला.

१९ जानेवारी १९५६ च्या रात्री देशमुखांनी आकाशवाणीवरून अध्यादेशाची घोषणा केली. १५४ भारतीय आणि १६ परदेशी विमा कंपन्या व ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५ संस्थांचा आयुर्विमा व्यवसाय सरकारच्या ताब्यात आला. गुप्तता कसोशीने पाळली गेली होती. प्रशासकीय तयारीचा तो एक उत्तम नमुना आहे. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले आणि एजंटापुढील निवडीचा प्रश्नच संपला. कायद्याच्या ३७ व्या कलमाने महामंडळाच्या विमापत्रांना केंद्र सरकारची हमी दिली.

परंतु त्याच कायद्यातील १४ वे कलमही वाचले पाहिजे. ज्या जुन्या कंपनीची आर्थिक स्थिती खालावलेली होती, तिच्या विमापत्रांची रक्कम केंद्र सरकारच्या मंजुरीने कमी करण्याचा अधिकार महामंडळाला होता, आणि ३७ व्या कलमाची हमी जुन्या विमापत्रांच्या बाबतीत या कलमाच्या अधीन होती. म्हणजे १९५६ पूर्वी एजंटाने केलेली चुकीची निवड राष्ट्रीयीकरणाने आपोआप पुसून टाकली नाही. शिवाय नव्या महामंडळाचा पैसा तरी कितपत सुरक्षित, हा प्रश्न वर्षभरातच मुंदडा प्रकरणाने उभा केला. छागला आयोगाची मुंबईतील उघडी सुनावणी आणि फेब्रुवारी १९५८ मधील कृष्णम्माचारी यांचा राजीनामा हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे.

मल्होत्रा समितीचा अहवाल (१९९४) आणि १९९९ चा कायदा यांनंतर २००० पासून खासगी कंपन्या परत आल्या, आणि जुना प्रश्नही परत आला, तो अधिक कठोर रूपात. नव्या नियमांनुसार वैयक्तिक एजंटाला एकाच आयुर्विमा कंपनीचे काम करता येऊ लागले. निवड चुकली तर सगळा व्यवसायच चुकीच्या जागी उभा राहतो. आता त्याच्या हाती साधने आहेत. कंपनीची शोधक्षमता किमान दीडपट हवी असा दंडक आहे व तिचे आकडे दर तिमाहीस प्रसिद्ध होतात. दावे निकाली काढण्याचे प्रमाण नियामकाच्या वार्षिक अहवालात मिळते. बहुतेक एजंट ग्राहकाला दाखवतात ते हे दुसरे प्रमाण, कारण ते समजावयास सोपे. भारत इन्शुरन्समधील पैसा गेला तो मात्र दावे नाकारून नव्हे, गुंतवणुकीच्या वाटेने.