श्यामची आई (चित्रपट)

श्यामची आई : (१९५३). आचार्य प्र. के. अत्रे यांनी दिग्दर्शित केलेला मराठी कृष्णधवल चित्रपट. साने गुरुजींच्या त्याच नावाच्या पुस्तकावर आधारित. कथेची भूमी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड (ता. दापोली), गुरुजींचा जन्म तेथलाच (२४ डिसेंबर १८९९). पुस्तकाचा बहुतेक भाग त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढला. चित्रपट पाहायला मात्र ते नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

भूमिका : आई – वनमाला; श्याम – माधव वझे. वनमाला मूळच्या ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातील. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’ (१९४१) मधील इराणी रुखसाना साकारणारी ही नटी कोकणातल्या गरीब ब्राह्मण घरातली, नऊवारीतली आई म्हणून शोभली, हे अत्र्यांच्या निवडीचे यश. अत्र्यांच्या ‘पायाची दासी’ व ‘वसंतसेना’ या चित्रपटांतही त्या होत्या. माधव वझे पुढे नाट्यसमीक्षक व दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले.

संगीत : वसंत देसाई (मूळ गाव सोनवडे, ता. कुडाळ).

स्मरणीय प्रसंग : पुस्तकात बेचाळीस ‘रात्री’ (प्रकरणे) आहेत; प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिले ते प्रामुख्याने दोन प्रसंग. पहिला पोहण्याचा. पावसाळ्यात कोकणातल्या विहिरी तुडुंब भरतात, हाताने पाणी घेता येते. पोरांना पोहायला शिकवायचे दिवस तेच. भित्रा श्याम घरात दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, फोकाने झोडपते आणि विहिरीवर धाडते. मुलाला कोणी भेकड म्हणू नये, एवढाच तिचा हेतू. या मारावर हल्ली घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा विचार येथे केलेला नाही. दुसरा प्रसंग न्हाणीजवळचा. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो. आई दगडावर आपले लुगडे पसरते, त्यावर पाय ठेवून तो घरात जातो. तळव्यांइतकेच मनालाही जप, ही तिची शिकवण पुस्तकात थोडक्या शब्दांत येते. घटना म्हणावी तर एवढीशीच. पण संपूर्ण चित्रपटाचे मर्म याच प्रसंगात आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत. विनोदासाठी गाजलेल्या अत्र्यांनी येथे लेखणी आवरती घेतली, हेही नोंदवले पाहिजे.

पुरस्कार : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी (१९५३ चे चित्रपट, वितरण १९५४) सर्वोत्कृष्ट कथाचित्राचे राष्ट्रपती सुवर्णपदक याला मिळाले. त्या वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ला रौप्यपदक मिळाले. सर्वोच्च मान मात्र मराठीकडे पुन्हा यायला संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) यावा लागला. योगायोग असा, की तोही कोकणातल्या एका मुलाचीच गोष्ट सांगतो.

पुनर्निर्मिती : सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, तोही कृष्णधवल. त्यात साने गुरुजींची भूमिका ओम भुतकर यांनी केली. पालगड येथील गुरुजींचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे.