कॉट शिल्लक नाही? तरी तातडीचा उपचार नाकारता येत नाही

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात साधारण ३० खाटा असतात. पावसाळ्यात सर्पदंश, ताप आणि अपघाताचे पेशंट एकदम वाढले की त्या भरतात. मग कुणाला ट्रॉलीवर, कुणाला व्हरांड्यात, तर कुणाला जमिनीवर गादी टाकून सलाईन लावलं जातं. नातेवाईक चिडतात, ते साहजिकच आहे. पण ‘कॉट नाही, पुढे न्या’ एवढं ऐकून अत्यवस्थ पेशंट तसाच परत गाडीत घालणं त्याहून धोक्याचं.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवलं. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खासगीत सुमारे १७ हजार खर्च झाले. ६ मे १९९६ रोजी न्यायालयाने सांगितलं, की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार वेळेवर न देणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. २५ हजार भरपाई मिळाली. अगदीच गरज पडली तर ट्रॉलीवर किंवा जमिनीवरही पेशंटची सोय करावी, असं याच प्रकरणातल्या चौकशी समितीचं म्हणणं होतं. अपघाताची केस असेल तर आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. हे १९८९ पासून खासगी डॉक्टरांनाही लागू आहे.

जमिनीवरही ऑक्सिजन, इंजेक्शन देता येतं, रक्तस्राव थांबवता येतो, सर्पदंशावरचं औषध सुरू करता येतं. व्हेंटिलेटर, ऑपरेशन मात्र नाही. त्यामुळे आधी पेशंट सावरणं, मग रेफर, हाच क्रम. त्यासाठी १०८ची गाडी मोफत मिळते.

खरा धोका वेगळाच. वॉर्डात पेशंट कॉट नंबरने ओळखला जातो आणि खाली झोपलेल्याला नंबरच नसतो. म्हणून केसपेपर झाला का, नाव नोंदवहीत चढलं का, हे सिस्टरांना विचारून घ्यावं. जागा त्यांच्या नजरेसमोरची मागावी. सलाईनची बाटली उंच टांगलेली हवी, नळी येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात नको. दम लागलेल्या पेशंटला सपाट झोपवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि पुढे नेताना रेफरची चिठ्ठी घ्यावी. कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं हे त्यावर लिहिलेलं असलं, की जिल्ह्याच्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.